खिशातला सिनेमा-कॅमेरा आणि त्याचे कच्चे चित्र

भर दुपारी घराच्या आतल्या खोलीत उभे राहून दारातून अंगणाकडे पाहा. खोलीत मंद उजेड असतो, अंगणात रणरणते ऊन असते. तरीही कोपऱ्यातला पाण्याचा हंडा तुम्हाला दिसतो आणि अंगणातल्या तुळशीची पानेही दिसतात. आता हेच दृश्य एखाद्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपून पाहा. हंडा दिसेल असा उजेड घेतला, तर अंगण पांढरे फटक पडते. तुळशीची पाने दिसतील असा उजेड घेतला, तर खोलीत नुसता काळोख. दोन्हींपैकी एकच मिळते.

चित्रपट पाहताना मात्र असे फारसे होत नाही. खिडकीशी बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो आणि खिडकीबाहेरचे आभाळही दिसते. यामागे दिवे लावणाऱ्यांची मेहनत असते, हे खरे. पण चित्रपटाच्या कॅमेऱ्याचाही त्यात मोठा वाटा असतो. असे डिजिटल सिनेमा-कॅमेरे हजारो डॉलर किमतीचे, जड आणि भाड्यानेच आणावे लागणारे असत. म्हणून 2013 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने एक लहानसा कॅमेरा मांडला, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. वजन सुमारे 355 ग्रॅम, किंमत 995 डॉलर आणि नाव ‘पॉकेट सिनेमा कॅमेरा’. खिसा मात्र कोटाचा हवा, आणि तोही भिंग काढून ठेवल्यावर!

या कॅमेऱ्याबद्दल दोन दावे होते. एक म्हणजे तो उजेडाचे 13 स्टॉप टिपतो. दुसरा म्हणजे तो ‘रॉ’, म्हणजे कच्चे, चित्रण करतो. हे दोन्ही दावे काय आहेत आणि त्यांची किंमत कशाकशाने मोजावी लागते, ते आपण तोलून पाहू या.

आधी स्टॉप म्हणजे काय ते पाहू. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप कमी झाला, असे छायाचित्रकार म्हणतात. म्हणजे दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन स्टॉप म्हणजे आठपट. 13 स्टॉप म्हणजे 2 चा तेरावा घात, 8192. सर्वांत अंधाऱ्या पण ओळखू येणाऱ्या भागापेक्षा 8000 पट उजळ असलेला भागही त्याच चित्रात तपशिलासह दिसायला हवा, असा हा दावा आहे.

हे काम करतो तो कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची एक चकती. तिच्यावर प्रकाश टिपणारे सूक्ष्म बिंदू ओळीने मांडलेले असतात. या कॅमेऱ्यात एका ओळीत 1920 बिंदू आणि अशा 1080 ओळी आहेत. एकूण 20 लाख 73 हजार 600 बिंदू. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवल्या आहेत अशी कल्पना करा. जिथे पाऊस जास्त, तिथली वाटी जास्त भरेल. सेन्सरच्या वाटीत पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन साठतात. प्रकाशाचा कण सिलिकॉनवर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि वाटीत जमा होतो. ठरावीक क्षणानंतर प्रत्येक वाटीत किती साठले ते मोजायचे आणि वाटी रिकामी करायची. सेकंदाला 24 वेळा हे चालते.

वाटी काठोकाठ भरल्यावर पाऊस किती पडला ते कळत नाही. अंगण पांढरे पडते ते यामुळेच. उलट वाटीत दोन-चारच थेंब असतील, तर ते पावसाचे की वाटी ओली होती म्हणून, हेही सांगता येत नाही. सावलीतल्या चित्रात जी खरखर दिसते ती ही. तेव्हा वाटी मोठी हवी आणि मुळातला ओलावा कमी हवा. या कॅमेऱ्याचा सेन्सर 12.48 मिलिमीटर रुंद आहे. त्याला 1920 ने भागा. एक बिंदू 0.0065 मिलिमीटर, म्हणजे साडेसहा मायक्रॉन रुंद येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातले बिंदू एक-दोन मायक्रॉनांचे असतात. लहान सेन्सरवर बिंदूंची गर्दी न करता थोडेच पण मोठे बिंदू ठेवले, हे या कॅमेऱ्याचे पहिले शहाणपण.

सेन्सरचे हे माप काही असेच निवडलेले नाही. 1970 च्या सुमारास स्वीडनचे छायाचित्रकार रूने एरिक्सन यांनी 16 मिलिमीटरच्या फिल्मवर ध्वनीसाठी राखलेली कडेची पट्टीही चित्रासाठी वापरली. ही पद्धत ‘सुपर 16’ या नावाने ओळखली जाते. तिची चौकट 12.52 मिलिमीटर रुंद होती. आपला सेन्सर जवळजवळ तेवढाच. म्हणून जुन्या 16 मिलिमीटर कॅमेऱ्यांची पडून राहिलेली भिंगे मधे एक जोडकडे घालून या नव्या कॅमेऱ्यावर बसवता येऊ लागली. जुन्या भिंगांचे भाव त्यामुळे चढले, ही गंमत निराळी.

आता कच्च्या चित्राकडे वळू. सिलिकॉनला रंग कळत नाही. त्याला फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. मग रंगीत चित्र येते कुठून? कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी काढलेल्या युक्तीला 1976 साली पेटंट मिळाले. तीच आजही बहुतेक सगळीकडे चालते. प्रत्येक बिंदूवर एक रंगीत काच बसवायची. चार बिंदूंच्या चौकोनात दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी. हिरव्या दोन का? तर आपला डोळा बारकावे ओळखतो ते मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात. म्हणजे प्रत्येक बिंदूला तीन रंगांपैकी एकाचीच खरी माहिती असते; उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून, अंदाजाने भरावे लागतात.

साधा कॅमेरा हा अंदाज स्वतःच करतो. एवढेच नव्हे, तर दिव्याचा पिवळेपणा काढणे, कडा ठसठशीत करणे, खरखर पुसणे, शेवटी चित्र दाबून लहान करणे, हे सारे सेकंदाच्या एका अंशात उरकतो आणि तयार चित्र हातात देतो. ही झाली भाजलेली पोळी. कच्चे चित्रण म्हणजे पीठ. कोणत्या वाटीत किती साठले एवढ्या आकड्यांचीच नोंद करायची. बाकीचे सगळे नंतर संगणकावर, सावकाशीने. पिठात मीठ कमी वाटले तर घालता येते. भाजलेल्या पोळीत घालून पाहा! दिव्याच्या पिवळ्या उजेडात घेतलेले कच्चे चित्र नंतर पांढऱ्या उजेडात बसवणे म्हणजे तांबड्या आणि निळ्या आकड्यांना निरनिराळ्या संख्यांनी गुणणे, एवढेच असते. मात्र काठोकाठ भरून वाहून गेलेली वाटी कच्च्या चित्रातही परत मिळत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. पीठच सांडले असेल तर पोळी कशाची करणार?

आता थोडे गणित करू. प्रत्येक वाटीतला साठा हा कॅमेरा 12 बिटांत लिहितो. 12 बिट म्हणजे 2 चा बारावा घात, 4096 पायऱ्या. नेहमीच्या व्हिडिओत 8 बिट, म्हणजे 256 पायऱ्या असतात. पण हुशार वाचकाच्या मनात इथे शंका यायला हवी. 13 स्टॉप म्हणजे 8192 पट. पायऱ्या तर 4096 च. मग 13 स्टॉप बसले कसे?

शंका अगदी बरोबर आहे. सरळ मोजणीने ते बसतच नाहीत. पाहा: सर्वांत उजळ स्टॉप हा 2048 पासून 4095 पर्यंत. म्हणजे निम्म्या पायऱ्या एकट्या त्यानेच खाल्ल्या! त्याखालच्या स्टॉपला 1024, मग 512, मग 256, असे करत करत बाराव्या स्टॉपच्या वाट्याला एकच पायरी येते आणि तेराव्याला काहीच उरत नाही. पांढऱ्या ढगाला 2048 पायऱ्या आणि सावलीतल्या चेहऱ्याला चार, असा हा अन्याय आहे.

आपला डोळा अशी वाटणी करत नाही. अंधाऱ्या खोलीत एका पणतीची दुसरी पणती केली की फरक लगेच जाणवतो. शंभर पणत्यांत आणखी एक लावली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. डोळ्याला किती वाढले हे कळत नाही, किती पट झाले हे कळते. कॅमेऱ्यानेही तेच करायचे. आत मोजणी अधिक बारकाईने करायची आणि लिहिताना लॉगरिदमच्या रीतीने प्रत्येक स्टॉपला साधारण सारख्या पायऱ्या द्यायच्या. 4096 ला 13 ने भागले तर प्रत्येकाला 315 पायऱ्या येतात. सावलीचीही सोय झाली आणि ढगाचेही काही बिघडले नाही. तुम्ही नववी-दहावीत असाल तर लॉगरिदम पुढे शिकालच. शिकताना हा कॅमेरा आठवा.

हाच हिशेब 8 बिटांना लावला तर प्रत्येक स्टॉपला 20 सुद्धा पायऱ्या येत नाहीत. असे चित्र नंतर उजळायला गेले की पायऱ्या ताणल्या जातात आणि संध्याकाळच्या आभाळात रंगांचे पट्टे दिसू लागतात. नकाशात उंचीच्या रेषा दिसतात तसे.

इथवर एक पारडे झाले. आता दुसरे.

20 लाख 73 हजार 600 बिंदू, प्रत्येकी 12 बिट. 8 बिटांचा एक बाइट धरला तर एका चौकटीला सुमारे 31 लाख बाइट, म्हणजे 3.1 मेगाबाइट लागतात. सेकंदाला 24 चौकटी म्हटल्यावर सुमारे 75 मेगाबाइट. हा कॅमेरा काही माहिती न गमावता आकडे थोडे दाबून लिहितो. दृश्याप्रमाणे कमीअधिक दाबले जातात. आपण हिशेबापुरते सेकंदाला 50 मेगाबाइट धरू. मग 64 गिगाबाइटच्या कार्डावर साधारण 21 मिनिटांचे चित्रण मावते. समजा, तुम्हाला 10 मिनिटांचा माहितीपट करायचा आहे आणि त्यासाठी दसपट चित्रण केलेत. 100 मिनिटांचे 300 गिगाबाइट झाले. कार्ड बिघडले तर सगळेच गेले, म्हणून आणखी एक प्रत हवीच. झाले 600. शिवाय कार्ड चपळ हवे. कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग त्याहून कमी असतो. तो अपुरा पडला की कॅमेऱ्याला मधल्या चौकटी सोडून द्याव्या लागतात, आणि उडणारा पक्षी पडद्यावर ठेचकाळतो.

फिल्मच्या काळात यापेक्षा स्वस्ताई होती असे मात्र समजू नका. 16 मिलिमीटर फिल्मचे 400 फुटी रीळ 11 मिनिटांत संपे, आणि एकदा वापरलेली फिल्म पुन्हा वापरता येत नसे.

कंपनीने यावर एक मधला मार्गही ठेवला होता. कॅमेऱ्यातच चित्र तयार करून ‘प्रोरेस’ या पद्धतीने 10 बिटांत, लॉगरिदमच्या वाटणीनेच लिहायचे. त्याला सेकंदाला सुमारे 22 मेगाबाइट पुरतात. तेच कार्ड 48 मिनिटे चालते. हे पूर्ण कच्चे नव्हे, आणि भाजलेलेही नव्हे. ही झाली मळलेली कणीक. खरे तर कॅमेरा विक्रीला आला तेव्हा त्यात एवढीच सोय होती. कच्चे चित्रण नोव्हेंबर 2013 मध्ये आज्ञावली बदलून दिले गेले. माझ्या मते, दहांपैकी आठ प्रसंगांत ही कणीकच पुरते. कच्चे चित्रण राखून ठेवावे ते कठीण उजेडासाठी: जंगलातले कवडसे, गुहेचे तोंड, भट्टीजवळचा लोहार.

आता दोष. बिंदू मोठे ठेवले म्हणजे ते संख्येने थोडे राहिले. 1920 बिंदूंवर रंगीत काचा बसवून रंग अंदाजाने भरायचे, तेव्हा हाती येणारी खरी बारकाई 1920 पेक्षा कमीच असते. त्यात दृश्य किंचित मऊ करणारा गाळणपडदा या सेन्सरपुढे नाही. म्हणून बारीक चौकड्यांचा शर्ट किंवा दूरची विटांची भिंत समोर आली की, मुळात नसलेले इंद्रधनुषी पट्टे तिच्यावर नाचू लागतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की लाटा दिसतात ना, तोच प्रकार. इथे एक जाळी शर्टाची, दुसरी बिंदूंची.

सेन्सर लहान असल्याने दृश्यही अरुंद मिळते. पूर्ण आकाराच्या छायाचित्र कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद असतो. भागाकार केला तर 2.9 येतो. तिथे 24 मिलिमीटरच्या भिंगाने जेवढी खोली दिसते, तेवढी इथे पाहायला सव्वाआठ मिलिमीटरचे भिंग हवे. लहानशा प्रयोगशाळेत चित्रण करायचे तर पाठ भिंतीला टेकते. दूरचे पक्षी टिपणाऱ्याला मात्र हाच दोष उपयोगी पडतो.

शिवाय वाट्या एकदम मोजल्या जात नाहीत. एकेक ओळ वरून खाली मोजली जाते. तेवढ्या वेळात फिरता पंखा पुढे सरकतो आणि त्याची पाती वाकडी दिसतात. धावत्या गाडीतून बाहेरचे खांब तिरपे होतात. बॅटरी लहान, जेमतेम तासभर टिकणारी. आतला मायक्रोफोन नावापुरताच. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केलेला बरा. पडदा उन्हात दिसत नाही. चौकटी सेकंदाला 30 पेक्षा जास्त नाहीत, म्हणजे फुटणारा फुगा संथ गतीने दाखवायचा असेल तर हा कॅमेरा कामाचा नाही.

सर्वांत नवलाचा दोष सुरुवातीच्या दिवसांत दिसला. कॅमेरा सूर्याकडे वळवला की झगझगीत बिंबाच्या मधोमध काळा डाग! सर्वांत तेजस्वी वस्तू काळी कशी? कारण असे. वाटी रिकामी केली तरी तिच्यात थोडा ओलावा राहतो. म्हणून कॅमेरा आधी रिकामी वाटी मोजतो, मग भरलेली, आणि दोन्हींची वजाबाकी करतो. एरवी ही फार चांगली युक्ती आहे. पण सूर्याचा झोत इतका प्रचंड असतो की ‘रिकामी’ वाटी मोजेपर्यंतच ती भरून जाते. भरलेल्यातून भरलेली वजा केली की बाकी शून्य. शून्य म्हणजे काळा. पुढे कंपनीने आज्ञावली सुधारून हा डाग घालवला. तरीही डोळ्याने किंवा कॅमेऱ्याने सूर्याकडे थेट पाहू नका, हे वेगळे सांगायला नको.

एवढे दोष असूनही या कॅमेऱ्याला मानाचे काम मिळाले. 2015 च्या ‘ॲव्हेंजर्स: एज ऑफ अल्ट्रॉन’ या चित्रपटात मोठ्या कॅमेऱ्यांच्या जोडीला, धोक्याच्या आणि अडचणीच्या जागी ठेवायला, हे लहान कॅमेरे वापरले होते. मोडला तरी खर्च थोडा आणि चित्र मोठ्या कॅमेऱ्याच्या चित्रात मिसळते, हा हिशेब.

2018 मध्ये त्याच नावाचा पुढचा कॅमेरा आला. तो आडवे 4096 बिंदू टिपणारा होता आणि खिशात मावण्याचा आवसुद्धा त्याने आणला नव्हता. 2019 मध्ये त्यातली जुनी कच्ची पद्धत काढून कंपनीने स्वतःची नवी पद्धत घातली. तिच्यात रंग भरण्याच्या कामाचा काही भाग कॅमेऱ्यातच उरकला जातो आणि आकडेही जास्त दाबले जातात. मग याला कच्चे म्हणावे का, असा वाद रंगला. धुऊन, चिरून ठेवलेली भाजी कच्ची की नाही, तसाच हा वाद. कार्डावरची जागा मात्र खूप वाचली.

पहिला कॅमेरा आता नवा मिळत नाही, जुना मिळतो. तुमच्या शाळेचे किंवा महाविद्यालयाचे विज्ञानमंडळ एखादा घ्यायच्या विचारात असेल, तर पैशांचा हिशेब कॅमेऱ्यावर थांबवू नका. भिंग, दोन चपळ कार्डे, तीन-चार बॅटऱ्या, तिपाई, आवाजाची वेगळी सोय आणि कच्चे चित्र शिजवू शकेल असा दमदार संगणक, हे सारे मिळून खर्च कॅमेऱ्याच्या वर जातो. रंग बसवण्याची ‘डाविंची रिझॉल्व्ह’ ही आज्ञावली मात्र फुकट आवृत्तीतही मिळते. संगणक कमकुवत असेल तर कच्च्या चित्रणाच्या मोहात न पडता प्रोरेस वापरावे. आणि शाळेचे संमेलन किंवा भाषण टिपण्यापुरतेच काम असेल, तर हा कॅमेरा घेऊच नये. त्यासाठी मोबाइल किंवा साधा व्हिडिओ कॅमेरा अधिक सोयीचा.

घेण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करा. भिंगावर झाकण लावून मिनिटभर चित्रण करा आणि संगणकावर ते खूप उजळून पाहा. काळ्या पडद्यावर जागच्या जागी चमकणारे ठिपके दिसले तर ते बिघडलेले बिंदू. नंतर एखाद्या प्रखर दिव्याकडे कॅमेरा वळवा. दिव्याच्या मध्ये काळा ठिपका दिसला तर आज्ञावली जुनीच राहिली आहे, असे समजावे. मग चौकड्यांचा शर्ट घातलेला एक मित्र पंख्याखाली उभा करून त्याचे चित्रण घ्या. पट्टे आणि वाकडी पाती दोन्ही दिसतील. ती प्रत्येक पॉकेटमध्ये दिसतातच, तेव्हा त्यावरून भाव पाडून मागू नका. बॅटरी मात्र पूर्ण भरून, घड्याळ लावून तपासा.